घरच्या चित्रफिती जोडायला कोणता कॉम्प्युटर घ्याल?

लग्नात फोटोग्राफरने दिलेली तीन तासांची फिल्म घरातल्या किती जणांनी अथपासून इतिपर्यंत पाहिली, असे विचारले तर बहुतेक घरांत सगळे एकमेकांकडे पाहू लागतील. खरी गंमत असते ती मामाच्या, आत्याच्या आणि भाचेमंडळींच्या मोबाइलमध्ये. हळद कुटताना म्हटलेल्या ओव्या, वरातीत लाजत लाजत दोन पावले नाचलेले आजोबा, पंगतीत चाललेली चेष्टामस्करी, हे सगळे त्या तुकड्यांत असते. ते नीट जोडून वीस मिनिटांची फिल्म करावी, अशी हौस हल्ली घरोघरी दिसते.

काही घरांत हौसेपेक्षा निकड जास्त असते. कपाटाच्या वरच्या कप्प्यात १९९०-९५ च्या मुंजी-लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट्स पडलेल्या असतात. दर पावसाळ्यात दमट हवेने त्यांच्या फितीला बुरशी धरते. त्यांत ज्यांचे आवाज आहेत, त्यांतली काही माणसे आता नाहीत. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ च्या जुलैत ते उत्पादन थांबवले. म्हणजे हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलण्यात अर्थ नाही.

मग घरात ठरते, एक चांगला कॉम्प्युटर घेऊ या. सुटे भाग जमवून जोडत बसण्याइतका वेळ आणि माहिती कुणाकडे असते? तेव्हा तयारच घ्यायचा. फसगत होते ती नेमकी इथे.

‘आय-सेव्हन’ची जादू

मुंबईचा लॅमिंग्टन रोड (पाटीवरचे नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते सांगून टॅक्सीवाल्याला पत्ता कळत नाही), दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगलोरचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, कुठेही जा. ‘एडिटिंग पीसी, आय-सेव्हन, सोळा जीबी, चार जीबी ग्राफिक्स’ अशी पाटी दिसते आणि किंमत ऐकून आनंद होतो. माझ्या एका मावसबहिणीनेही असाच आनंदाने एक डबा घरी आणला होता. मोबाइलवरची क्लिप लावली की चित्र दर दोन सेकंदांनी अडखळायचे आणि आवाज मात्र पुढे पळायचा. दुकानदाराचे म्हणणे, ‘मॅडम, आय-सेव्हन आहे, याच्या वर काय देऊ?’

त्या आय-सेव्हनचा पूर्ण क्रमांक होता ३७७०. इंटेलने ‘कोअर आय-सेव्हन’ हे नाव २००८ साली बाजारात आणले आणि त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी त्याची नवी पिढी काढली. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, म्हणजेच २०१२ चा माल. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला, पुसूनपासून नव्या डब्यात बसवलेला. त्यापेक्षा २०२२ च्या सुरुवातीला आलेला आय-फाइव्ह १२४०० या कामाला किती तरी सरस. तेव्हा ‘आय-सेव्हन आहे का?’ असे न विचारता ‘पूर्ण नंबर काय?’ असे विचारा. पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे पिढी सांगतात. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने ‘कोअर अल्ट्रा’ अशी नवी नावेही सुरू केली आहेत, ती अर्थातच अलीकडची. आणखी एक कारण आहे. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो.

पण जुना प्रोसेसर अडखळतो का? ‘आम्ही २००३ साली हँडीकॅमच्या कॅसेट्स साध्या कॉम्प्युटरवर कापायचो,’ असे सांगणारे काका प्रत्येक घरात असतात आणि ते खोटे बोलत नाहीत. त्या मिनी-डीव्ही कॅसेटवर प्रत्येक चित्र स्वतंत्र आणि पूर्ण असे. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागे, पण कुठेही कात्री लावा, चित्र समोर हजर. आजच्या फोरके चित्रात त्याच्या वीसपट ठिपके असतात. तरीही आयफोनवर ते सेकंदाला ३० चित्रे या वेगाने घेतले तर मिनिटाला सुमारे १७० एमबी, म्हणजे तासाला १० जीबीच्या आसपास जागा पुरते. ही काटकसर कशी साधते? एक चित्र पूर्ण साठवायचे आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच लिहायचे. एचईव्हीसी किंवा एच २६५ ही अशीच एक पद्धत. ती २०१३ साली ठरली आणि २०१७ पासून आयफोनवरही आली. मधलेच एखादे चित्र हवे असेल तर कॉम्प्युटरला मागे जाऊन सगळा हिशेब मांडावा लागतो. नव्या प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात या हिशेबासाठी वेगळा भागच असतो. ३७७० मध्ये तो नव्हता आणि सोबत दिलेल्या जीटी ७१० सारख्या जुन्या कार्डातही एचईव्हीसीची सोय नसते, मग त्याची मेमरी कितीही जीबी असो.

इंटेलमध्ये हा भाग प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये असतो. नंबराच्या शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर ते ग्राफिक्स बंद असतात आणि वेगळे कार्ड घ्यावेच लागते. गेम खेळणाऱ्यांसाठी असलेल्या तयार कॉम्प्युटरमध्ये हा ‘एफ’ हटकून सापडतो. कार्ड चांगले आणि अलीकडचे असेल तर बिघडत नाही. पण साध्या जोडणीसाठी, ‘एफ’ नसलेला प्रोसेसर घेऊन कार्डाचे पैसे वाचवावेत असे मला वाटते. पुढे गरज वाटली तर कार्ड बसवता येते.

रॅम निदान १६ जीबी हवी, फोरकेचे बरेच काम असेल तर ३२. सोळाची एकच पट्टी असण्यापेक्षा आठ-आठच्या दोन असाव्यात, काम जलद होते. ‘नंतर वाढवू’ हा जुना सल्ला थोडा सांभाळून घ्या, कारण २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती एकदम कडाडल्या. डिस्क एनव्हीएमई प्रकारची, निदान ५१२ जीबीची. काम संपलेल्या फिल्म ठेवायला साधी बाहेरची हार्ड डिस्क पुरते.

डब्याच्या आत

मोठ्या कंपन्यांचे काही सडपातळ डबे टेबलावर फार देखणे दिसतात. त्यात नेहमीच्या उंचीचे कार्ड मावत नाही आणि वीजपुरवठ्याचा भागही कित्येकदा त्यांच्याच मापाचा असतो, बाजारातला बसत नाही. जागेची अगदीच अडचण नसेल तर उभा, रुंद डबा घ्या. दुकानदाराला बाजूचे झाकण काढायला सांगा. रॅमच्या रिकाम्या जागा किती, पॉवर सप्लाय किती वॉटचा, त्यावर कंपनीचे नाव आहे की नुसताच कोरा पत्रा, हे डोळ्यांनी पाहा. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅमच्या पट्ट्यांची संख्या आणि पॉवर सप्लाय बिलावर लिहून घ्या. वॉरंटीत माणूस घरी येतो की डबा उचलून न्यावा लागतो, तेही विचारा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेन ड्राइव्हवर आपल्याच फोनमधल्या तीन-चार क्लिप्स घेऊन जा. त्या व्हॉट्सॲपवरून साध्या पाठवलेल्या नकोत, कारण तिथे चित्र दाबून लहान होते. (नातेवाइकांकडून मागवतानाही ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असेच सांगावे.) दुकानात शॉटकट किंवा दा विंची रिझॉल्व्हसारख्या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या लावा, दोन क्लिप्स एकमेकींत विरघळवा आणि रेघ पुढेमागे ओढून पाहा. चित्र बोटाबरोबर येते का? टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख हलतो का? पाच मिनिटांची फिल्म बाहेर काढायला किती वेळ लागतो? याला पाऊण तास जातो आणि दुकानदाराचा चेहरा थोडा पडतो. पडू द्या, पैसे आपले आहेत. तो ‘फुकटात मोठे सॉफ्टवेअर टाकून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. चोरीच्या प्रतीबरोबर व्हायरस येतो, आणि घरच्या कामाला वरची मोफत साधने भरपूर आहेत.

ॲपलचा २०२४ च्या नोव्हेंबरात आलेला एम-फोर मॅक मिनी हाही विचार करण्याजोगा पर्याय. आला तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती, मेमरी १६ जीबी. मोबाइलच्या क्लिप्स तो लीलया हाताळतो. मात्र पडदा, कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्यावे लागतात, मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि आत कसलेही कार्ड बसवायला जागा नाही.

आणि घरात पाच-सहा वर्षांचा कॉम्प्युटर असेल तर? आधी प्रॉक्सी करून पाहा. सॉफ्टवेअर मोठ्या क्लिपची एक हलकी प्रत करते, आपण कापाकापी तिच्यावर करतो आणि शेवटची फिल्म मात्र मूळ चित्रातून निघते. शॉटकटमध्येही ही सोय आहे. रात्री प्रती करायला लावून झोपायचे, सकाळी कामाला बसायचे. वर्षाकाठी दोन फिल्म करणाऱ्या घराचे पन्नास हजार यात वाचू शकतात.

जुन्या कॅसेट्स उतरवायच्या असतील तर एक जास्तीची गोष्ट पाहा. व्हीएचएससाठी यूएसबीला लागणारे कॅप्चरचे उपकरण चालते, पण मिनी-डीव्हीचा हँडीकॅम फायरवायरने जोडावा लागतो आणि ते भोक आजच्या कॉम्प्युटरवर नसते. उभ्या डब्यात एक मोकळा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट असेल तर फायरवायरचे कार्ड बसते. बुरशी दिसणारी कॅसेट मात्र तशीच यंत्रात घालू नका. हेडवर बुरशी लागली की पुढच्या कॅसेटलाही ती लागते. अशा कॅसेट्स वेगळ्या काढा, साफ करून देणाऱ्याकडे द्या, आणि ज्या स्वच्छ आहेत त्या आधी उतरवायला घ्या.