ताप गाडीला की काट्याला?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अकोले तालुक्यात मोटारींची रीघ लागते. कुणाला भंडारदऱ्याचा जलाशय पाहायचा असतो, कुणाला रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर, तर कुणी बारीला जाऊन १६४६ मीटर उंचीची कळसूबाई खालूनच डोळे भरून पाहतात. गाडीत माणसे आणि फराळाचे डबे खच्चून भरलेले, समोर घाट. आणि मागून आवाज येतो, ‘अहो, तो काटा पाहिलात का?’

काटा तांबड्या रेघेला टेकला की गाडी बाजूला घेऊन थांबवावी, यात वाद नाही. मात्र ताप इंजिनाला आला आहे की थर्मामीटरच बिघडले आहे, हे मग शांतपणे पाहावे.

इंजिनाच्या पाण्यात एक सेन्सर बसवलेला असतो. पाणी तापेल तसा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो आणि काटा चढतो. म्हणून जुन्या गाड्यांत त्याची तार निखळली तर इंजिन कितीही तापो, काटा थंडच. आणि तीच तार घासून पत्र्याला लागली तर गार इंजिनालाही काटा तांबड्या रेघेवर! रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच काटा वर उडाला, तर दोष काट्याकडचा. एवढे लोखंड क्षणात तापत नाही.

खरी भीती गरीब काट्याची. पाणी गळून सेन्सर उघडा पडला की कित्येकदा काटा खाली येतो. मालक म्हणतात, ‘चला, उतरला ताप!’ आणि पुढच्या चढावर हेड वाकते, गॅस्केट जळते.

ताप खरा असेल तर तो केव्हा येतो ते पाहावे. गर्दीत चढतो आणि गाडी धावू लागताच उतरतो, तर पंखा तपासावा. फक्त घाटात चढत असेल तर पाणी कमी आहे किंवा रेडिएटर चोंदला आहे. इंजिन कढत आणि रेडिएटर गार, तर पाणी फिरतच नाही. थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा पंप निकामी झाला असेल.

रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये. गृहिणींना कारण सांगायला नको. हा कुकरच आहे. उघड्यावर पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते, दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक अंश आधीच. दाबाखाली ते शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच तोंडावर उसळते. तसेच तापल्या इंजिनात ओढ्याचे गार पाणी ओतू नये. तापलेल्या बिडाच्या तव्यावर कुणी पाण्याचा तांब्या ओतते का?

पाणी पाहावे ते निघायच्या दिवशी सकाळी, घरीच, इंजिन थंड असताना. ते रोज थोडे थोडे कमी होत असेल आणि खाली थेंबही दिसत नसेल, तर बहुधा ते इंजिनाच्या आत शिरते आहे. मेकॅनिकला एवढेच सांगितले तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो.