किती फलाट लागतील?

तुम्ही नाशिक रोड रेल्वे स्थानक पाहिले आहे का? मुंबई-भुसावळ मार्गावरचे हे एक मोठे स्थानक आहे. २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात तर नेहमीच्या गाड्यांबरोबर येथे खास गाड्याही आल्या. अशा वेळी एक प्रश्न पडतो. एका फलाटावर एका वेळी एकच गाडी उभी राहते असे धरू. मग सर्व गाड्यांना कमीत कमी किती फलाट लागतील? एक फलाट जरी कमी पडला, तरी एखादी गाडी प्रवाशांसह बाहेर सिग्नलपाशी अडकून राहील.

समजा, पाच गाड्यांच्या येण्याच्या व सुटण्याच्या वेळा अशा आहेत :

पहिली : ७.०० ते ७.१०
दुसरी : ७.०५ ते ७.२०
तिसरी : ७.१५ ते ७.२५
चौथी : ७.१८ ते ७.३०
पाचवी : ७.४० ते ७.४५

प्रत्येक गाडीची इतर प्रत्येक गाडीशी तुलना करता येईल. पाच गाड्यांच्या दहाच जोड्या होतात. पण शंभर गाड्यांच्या ४,९५० जोड्या होतात! म्हणून संगणकाला एक सोपी रीत शिकवतात. कोणती गाडी कोणती, हे विसरून जा. सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावा. उर्दूत तुम्ही ज्याला ‘तरतीब’ म्हणता, तोच हा क्रम. आता शून्यापासून मोजू लागा. गाडी आली की एक मिळवा. गाडी सुटली की एक वजा करा.

७.०० ला एक. ७.०५ ला दोन. ७.१० ला एक गाडी सुटली, राहिली एक. ७.१५ ला पुन्हा दोन. ७.१८ ला तीन. पुढे ७.२०, ७.२५ व ७.३० ला एकेक गाडी सुटून शून्य उरते. ७.४० ला एक आणि ७.४५ ला परत शून्य. यांत सर्वांत मोठी संख्या तीन आहे. म्हणजे गाड्या पाच असल्या, तरी फलाट तीनच पुरतात.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. एकाच मिनिटाला एक गाडी सुटत असेल आणि दुसरी येत असेल, तर आधी येणारी गाडी मोजा. कारण पहिली गाडी निघून जाईपर्यंत फलाट रिकामा होत नाही. संगणक भराभर मोजतो, पण ही काळजी त्याला आपणच सांगावी लागते.

स्नेहसंमेलनाच्या तालमींसाठी तुमच्या शाळेत किती खोल्या लागतील? याच रीतीने काढून पाहा.