भिंतीतला फ्रीज बदलताना

आपल्या वाशीम जिल्ह्यात ऊन फार कडक. फ्रीजचा मोठा आधार वाटतो. कोणी भिंतीत जागा करून तो बसवतात. पण बदलताना जपावे.

आधी बटण बंद करा, पिन काढा. दोघांनी मिळून फ्रीज उभाच बाहेर ओढा. मागची नळी जपा. पुष्कळ फ्रीजमध्ये पेट घेणारा वायू असतो. नळी फुटली तर बिडी-काडी पेटवू नका, दारे-खिडक्या उघडा.

आता नवा फ्रीज. तो आतली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून आत गार राहते. बाहेरची उष्णता कोंडली तर गारवा कमी, वीज जास्त. म्हणून भिंतीतली जागा आधी मोजा. मागे आणि बाजूंना 10 सेंटिमीटर, म्हणजे मूठ मावेल इतके अंतर ठेवा. वरूनही हवेला वाट द्या. दूध टिकेल, वीजही वाचेल.