काम देणारा पैसे मागतो तेव्हा

घोडेगाव सोडलं की रस्ता डिंभे धरणाच्या पाण्याला वळसे घालत चढत जातो आणि सह्याद्रीच्या धारेवर आहुप्याला पोचतो. पुढे कडा, खाली कोकण. माणसं देवराई पाहायला येतात, कड्यावर फोटो काढतात आणि अंधाराच्या आत परततात. मी जातो तो एका घरासाठी. तिथं माझी वीसेक वर्षांची ये-जा आहे.

गेल्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा अंगणात हिरडा वाळत घातला होता. वहिनी तो हातानं खालीवर करत होत्या. त्यांची बारावी झालेली मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, ‘‘काका, आईला सांगू नका. घरबसल्या काम मिळालं होतं. साडेसहा हजार गेले.’’

त्या घरात साडेसहा हजार म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. हिरडा गोळा करणं म्हणजे भर उन्हात झाडावर चढणं आहे.

तिची हकिगत ऐकली. मोबाइलवर निरोप आला : व्हिडिओ पाहा, पसंतीची खूण करा, प्रत्येकी पन्नास रुपये मिळतील. तिनं तीन पाहिले. दीडशे रुपये खरोखर खात्यावर जमा झाले! मग तिला टेलिग्रामवरच्या एका गटात घेतलं. तिथं रोज कोणी ना कोणी आपली कमाई दाखवत होतं. पुढचं काम ‘आगाऊ भरण्याचं’ होतं. हजार भरले, तेराशे परत आले. मग पाच हजार भरले. पडद्यावर सात हजारांची शिल्लक दिसू लागली. ती काढायला गेली तेव्हा सांगितलं, आधी कर म्हणून दीड हजार भरा. तेही भरले. त्यानंतर उत्तर येणं बंद झालं.

गटातली ती कमावणारी मंडळी फसवणाऱ्यांचीच असतात. सुरुवातीचे दीडशे रुपये हे गळाला लावलेलं आमिष. पुष्कळदा ते दुसऱ्या कोणा फसलेल्याच्या खात्यातून आलेले असतात, आणि त्यापायी आपलंही खातं गोठवलं जाऊ शकतं.

मुलगी हावरट होती का? मुळीच नाही. भाताची कापणी उरकली की या भागातली कुटुंबं मजुरीसाठी खाली नारायणगावकडे उतरतात. लहानपणी तीही आईबरोबर गेलेली. ‘घरबसल्या’ या शब्दाचा पुण्या-मुंबईत अर्थ ‘आरामात’ असा होतो. आहुप्यात त्याचा अर्थ ‘घर न सोडता’ असा होतो. फसवणारा याच इच्छेवर बोट ठेवतो.

तिला हसण्याचा मला अधिकारही नव्हता. तरुणपणी मी एका छोट्या जाहिरातीला भुलून साठ रुपयांची मनिऑर्डर केली होती. काम होतं पाकिटांवर पत्ते लिहिण्याचं. उत्तरादाखल एक चक्रमुद्रित कागद आला : अशीच जाहिरात तुम्हीही द्या आणि येणाऱ्यांकडून साठ रुपये घ्या! कित्येक वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही.

२०११ साली ‘स्पीक एशिया’चं प्रकरण गाजलं. ११ हजार रुपये भरा आणि घरी बसून सर्वेक्षणाचे फॉर्म भरा, अशी ती योजना. लाखो लोक त्यात अडकले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अर्धवेळ कामाच्या आणि गुंतवणुकीच्या नावाखाली लुबाडणारी शंभराहून अधिक संकेतस्थळं बंद केली. मनिऑर्डर गेली, मोबाइल आला. पद्धत तीच राहिली.

मग घरबसल्या कामं खोटीच असतात का? तसं नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ सुरू केलं. तिथं पीठ संस्था देते, बाई घरी पापड लाटते, तयार पापड परत देते आणि लाटणावळ घेते. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांना पानं आणि तंबाखू कारखान्याकडून मिळतो. मजुरीबद्दल तक्रारी असतील, पण माल देणाऱ्याचा आणि पैसेही त्याच्याकडूनच येणार. नोंदणी, अनामत, प्रशिक्षण, कर, कोणत्याही नावानं काम देणाराच पैसे मागू लागला, तर तिथंच थांबावं.

दुसरा एक प्रकार टायपिंगचा आहे. काम झालं की ‘चुका फार आहेत, दंड भरा, नाही तर वकिलाची नोटीस’ असा दम येतो. टायपिंगच्या चुकांसाठी कोणाला अटक होत नसते. घाबरून एक रुपयाही देऊ नये. कंपनीचं नाव मोठं सांगितलं, तर त्या कंपनीच्या कचेरीत स्वतः विचारावं. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. आपलं खातं कोणाला वापरायला देऊ नये. आणि फसलोच, तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसा पुढे सरकण्याआधी तो अडवता येतो, नंतर अवघड होतं.

त्या मुलीनं तीन आठवडे कोणालाच सांगितलं नव्हतं. चोराला हवे होते ते हेच तीन आठवडे. मी तिला म्हटलं, ‘‘आईला तूच सांग. मी बसतो इथंच.’’

तिनं सांगितलं. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘व्यापारी काट्यात मारतो, ओल्याची घट धरतो, समदं पाह्यलं. पर हिरडा घ्यायला आला आन् आमच्याकडंच पैसं मागितलं, असा कोणी नाय पाह्यला. मला इचारलं असतंस तर?’’

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं घोडेगावला गेलो आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली. पैसे अजून परत आलेले नाहीत. मात्र परवा तिचा फोन आला होता. शेजारच्या वाडीतल्या मैत्रिणीलाही तसाच निरोप आला होता, आणि पैसे भरण्याआधी ती हिच्याकडे विचारायला आली होती.