डेल्सफर्डचा वाडा व तेथील देऊळ

सालबाईच्या तहामुळें (१७८२) वॉरन हेस्टिंग्जचें नांव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्याच्या घराण्याचें मूळ ठिकाण जें डेल्सफर्ड, त्याची हकीकत येथें संक्षेपानें देण्याचें योजिलें आहे.

आरंभीं एक खुलासा केला पाहिजे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली त्या वेळचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज हा मार्क्विस फ्रान्सिस रॉडन होय. वॉरन १७८५ सालींच विलायतेस परत गेला होता. परंतु बाजीराव ३ जून १८१८ रोजीं माल्कमच्या स्वाधीन झाला आणि २२ ऑगस्टला वॉरन डेल्सफर्ड येथें वारला. नाम व साल दोन्ही एक पडल्यानें टांचणें करतांना घोटाळा होण्याचा संभव आहे.

इंग्रजी 'मॅनर' म्हणजे नुसता वाडा नव्हे, तर गांवची जमीन व तिजवरील धनीपणाचे हक्क. आमच्या वतनाशीं त्याचें साम्य आहे, पण तें फार ताणूं नये. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा मॅनर हेस्टिंग्ज घराण्यानें १७१५ सालीं ब्रिस्टलच्या नाइट नामक व्यापाऱ्यास विकला. वॉरनचा आजा मात्र त्याच गांवीं धर्मोपदेशक राहिला. वाडा गेला, देऊळ राहिलें! नातवाचा जन्म १७३२ सालीं जवळच्या चर्चिल गांवीं झाला.

सातव्या वर्षीं ओढ्याकांठीं पडून असतां हें वतन परत मिळविण्याचा आपण निश्चय केला, असें वॉरन सांगत असे. ही कथा लोकप्रिय आहे. पण तिचा आधार त्याचेंच उतारवयांतील कथन होय. बखरींस आपण जी कसोटी लावतों तीच हिलाही लावावी. खरेदी मात्र निर्विवाद आहे. ती १७८८ सालीं झाली, आणि त्याच वर्षीं १३ फेब्रुवारीस पार्लमेंटापुढील त्याचा खटला सुरू झाला. सॅम्युएल पेपिस कॉकरेल यानें नवा वाडा बांधला. पश्चिमेस घुमट आहे, आंत शिल्पकार टॉमस बँक्स यानें हिंदी आकृती कोरलेल्या संगमरवरी शेगड्या बसविल्या. २३ एप्रिल १७९५ रोजीं वॉरन निर्दोष सुटला, तोंपर्यंत त्याचा पैसा सरला होता. कंपनीनें सालीना ४,००० पौंड नेमणूक व ५०,००० पौंड बिनव्याजी कर्ज दिलें, तेव्हां घर टिकलें.

सेंट पीटरचें देऊळ त्यानें १८१६ सालीं पुन्हां बांधविलें. तेथेंच त्याचें दफन झालें. आवारांतील कुंभाकृति स्मारकावर नांव व साल एवढेंच आहे. पत्नी मेरिअन १८३७ त व सावत्र मुलगा इम्हॉफ १८५३ त वारल्यावर वतन परक्याकडे गेलें. नव्या धन्यानें १८६० च्या सुमारास पिअर्सन या स्थापत्यकाराकडून देऊळ पुन्हां उभारविलें. सबब आज दिसणारें देऊळ वॉरनचें नव्हे.

डेल्सफर्ड १९३१ पर्यंत वूस्टरशायरमध्यें मोडत असे, नंतर तें ग्लॉस्टरशायरमध्यें गेलें. जुने उल्लेख पहिल्या परगण्याखालीं शोधावे. वॉरनचें दप्तर ब्रिटिश लायब्ररींत अॅडिशनल हस्तलिखितें २८९७३ ते २९२३६ या क्रमांकांखालीं आहे.