हार्वर्डचा किरमिजी रंग नदीवरून मैदानात

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा गणवेश किरमिजी असला, तरी हा रंग मुळात मैदानावरचा नाहीच. तो आला नदीवरून. १९ जून १८५८ रोजी बोस्टनमधील नौकाशर्यतीत प्रेक्षकांना आपली नौका दुरूनही ओळखता यावी, एवढ्यासाठीच चार्ल्स इलियट व बेंजामिन क्राउनिनशील्ड या नौकापटूंनी सहकाऱ्यांना डोक्यास बांधण्यासाठी लाल रेशमी रुमाल आणले. पुढे मात्र जांभळट मॅजेंटाने त्याची जागा बळकावली. विद्यार्थ्यांचे वृत्तपत्रही १८७३ मध्ये 'मॅजेंटा' याच नावाने निघाले! अखेर १८७५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मतदानात किरमिजीची सरशी झाली आणि वृत्तपत्र 'क्रिमसन' झाले. विद्यापीठाची अधिकृत मोहोर उमटली ती थेट १९१० मध्ये. तोवर रुमाल आणणारे इलियट हार्वर्डचे अध्यक्षपद तब्बल ४० वर्षे भूषवून निवृत्तही झाले होते.