‘निसर्ग’ चक्रीवादळ : मदतीचे द्रव्य आणि त्याची योग्यता

चिकित्सेच्या चतुष्पादांचे वर्णन करताना चरकाचार्यांनी द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत : विपुलता, योग्यता, अनेक कल्पना करता येणे आणि संपन्नता. विद्यार्थिदशेत हे आपण सर्वांनीच पाठ केले. त्यातील दुसऱ्या गुणाचा अर्थ मला उमगला तो मात्र पदवीनंतर वीस वर्षांनी, तोही श्रीवर्धन तालुक्यातील एका वृद्ध रुग्णाच्या अंगणात.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व मंडणगड या तालुक्यांची दैना केली. घरांवरील कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि नारळी-पोफळीच्या पिढीजात वाड्या काही तासांत भुईसपाट झाल्या. पोफळीचे रोप लावल्यावर उत्पन्नासाठी सात-आठ वर्षे थांबावे लागते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या नुकसानीची कल्पना येते.

घोड आणि भीमेच्या काठच्या आम्हा शिरूर-दौंडच्या वैद्यांनी मदत पाठवण्याचे ठरवले, त्या वेळी कोरोनाची साथ ऐन भरात होती. जिल्ह्याबाहेर जाण्यास पास लागत असे. तरीही आठ दिवसांत दोन पिकअप भरले. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांतून गूळ आला, शिरूरच्या शेतकऱ्यांनी बाजरी दिली आणि औषधी दुकानदार बंधूंनी तर हात आखडता घेतलाच नाही. काढ्याचे भरड चूर्ण, सुटी चूर्णे आणि च्यवनप्राशाचे खोकेच्या खोके आले. (त्यांतील काहींची मुदत दोन महिन्यांत संपणार होती, हेही नमूद केले पाहिजे. गोदाम रिकामे करणे म्हणजे दान नव्हे.) १२ जूनच्या पहाटे पुण्यात दोन्ही वाहने एकत्र आली आणि ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळामार्गे आम्ही श्रीवर्धन तालुक्यात पोहोचलो. विपुलता हा द्रव्यगुण आमच्या गाड्यांत ओसंडून वाहत होता.

योग्यतेची परीक्षा पहिल्याच गावी झाली. तांदूळ सात्म्य असलेल्या घरांत बाजरीचे करायचे काय, असा प्रश्न बायकांनी संकोचून विचारला. ती पोती शाळेच्या ओसरीत तशीच राहिली. काढ्याची कथा याहून वाईट. सोळा पट पाण्यात उकळून अष्टमांश उरवावयाचे, हे आम्ही प्रत्येकाला समजावून सांगत होतो. छप्पर उडालेल्या घरातील चुलीजवळचे सरपण भिजून चिंब झालेले असताना तासभर काढा आटवीत कोण बसणार? कोकणच्या जूनमधील हवेत पिशव्यांतील चूर्णांचे दोन दिवसांत गोळे झाले, हे नंतर कळले. लोकांना हवी होती ताडपत्री, खिळे, मेणबत्त्या आणि पडलेली झाडे कापण्याचे यंत्र. निघताना तेथील आशा कार्यकर्तीने वहीचे एक पान फाडून यादी हातात ठेवली. तिच्या शेवटच्या ओळीत ‘बीपी व शुगरच्या गोळ्या’ असे लिहिले होते. आम्ही आयुर्वेदाचे वैद्य; ती ओळ मी थोड्या नाराजीनेच वाचली.

नऊ दिवसांनी दुसरी खेप घेऊन गेलो, तेव्हा तिनेच मला एका घरी नेले. सत्तरीच्या आसपासचे बागायतदार गृहस्थ, वाडी पूर्ण गेलेली, खाटेवर निजून होते. घशाला कोरड, वारंवार मूत्रप्रवृत्ती, बोलणे अडखळत. मधुमेहाच्या गोळ्या वादळाच्या आठवड्यातच संपल्या होत्या; दुकान बंद, रस्ता बंद, फोन बंद. उशाशी आमच्या च्यवनप्राशाची बरणी होती, जवळजवळ रिकामी. “वैद्यबुवांनी ताकदीसाठी दिला, तो तीन वेळा घेतात,” असे सूनबाईंनी कृतज्ञतेने सांगितले. बरणी मीच दिली होती, आणि आजोबांना मधुमेह आहे काय, हे विचारले नव्हते. रक्तशर्करा चारशेच्या वर निघाली. तत्काळ शासकीय रुग्णालयात नेले. पाच दिवसांनी ते घरी परतले. आयुष मंत्रालयाने ३१ मार्च २०२० च्या सूचनांत च्यवनप्राशाची शिफारस करतानाच मधुमेहींनी तो शर्करारहित घ्यावा असे स्पष्ट लिहिले होते. मी त्या सूचना दवाखान्याच्या दारावर लावलेल्या होत्या.

परतीच्या वाटेवर घाटात गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या खेपेचे सामान त्या कागदाबरहुकूम भरले होते, म्हणून तरी त्या दिवशी ग्लुकोमीटर जवळ होता. पत्र्याने व खिळ्याने झालेल्या जखमा फार होत्या. त्या स्वच्छ धुऊन जात्यादि तेलाची पट्टी बांधली; परंतु धनुर्वाताच्या लसीसाठी प्रत्येकाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ओंडके उपसून कंबर धरलेल्यांना महानारायण तेल उपयोगी पडले. इन्शुलिन घेणाऱ्यांना, वीज येईपर्यंत कुपी पाणी न शिरेल अशा डब्यात घालून ओल्या मातीच्या माठात ठेवण्यास सांगितले.

औषधी दुकानदार व उत्पादक बंधूंना येथे एक विनंती करावीशी वाटते. आपत्तीसाठी द्यावयाचे औषध गोळीच्या रूपात, ओल न लागेल अशा पट्टीत असावे. त्यावर मोठ्या मराठी अक्षरांत मात्रा व निषेध छापलेले असावेत. कल्पना अनेक करता येतात हा द्रव्याचा गुण आहे, तर त्या प्रसंगी चालेल ती कल्पना निवडणे हे आपलेच काम. पाट्याविना पुडीत बांधलेले चूर्ण कृपया देऊच नये.

जुलै २०२१ मध्ये महाडला पुराचे पाणी शिरले, तेव्हा आम्ही गाडी भरण्याआधी फोन केला. खराटे, फावडी, गमबूट, ब्लीचिंग पावडर आणि पिण्याचे पाणी मागितले गेले. शिरूरच्या बाजारात गमबुटांचे माप जमवताना एका औषधी दुकानदार मित्राने विचारले, “वैद्यांच्या गाडीत औषध किती?” एक खोका होता. त्याच्या झाकणावर आतील प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि ते कोणी घेऊ नये, हे लिहिले होते.